वॉल्डनचे तळे

उन्हाळ्याच्या दिवसांत थंड पाण्यात मनसोक्त डुंबावे, काठावरच्या झाडाखाली शिदोरी सोडावी आणि दिवस मावळताना ताज्या मनाने घरी परतावे, असे कोणाला वाटत नाही? हे सुख सर्वांना लाभावे म्हणून अनेक देशांत निसर्गरम्य स्थळे जनतेसाठी राखून ठेवलेली असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, कॉन्कर्ड नावाच्या गावाजवळ, असेच एक राज्य-उद्यान आहे. वॉल्डनचे तळे हा त्या उद्यानाचा प्राण होय.

हे तळे कोणी खोदलेले नाही. हजारो वर्षांपूर्वी त्या प्रदेशावर हिमनदी पसरली होती. ती मागे हटली तेव्हा बर्फाचा एक प्रचंड खंड वाळूत व खड्यांत रुतून राहिला. तो वितळल्यावर जो खोल खळगा उरला, त्यात जमिनीतील पाणी झिरपून साठले. आज तळ्याचा विस्तार सुमारे ६० एकर आहे. त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याला एकही ओढा येऊन मिळत नाही आणि त्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. त्यामुळे पाण्यात जे मिसळेल, ते वाहून नेण्यास कोणी नाही.

या तळ्याला कीर्ती मिळाली ती हेन्‍री डेव्हिड थोरो या लेखकामुळे. आपला मित्र इमर्सन याच्या जमिनीवर थोरोने तळ्याकाठी १० फूट रुंद व १५ फूट लांब अशी एक झोपडी बांधली आणि ४ जुलै १८४५ पासून सप्टेंबर १८४७ पर्यंत तो तेथे राहिला. जगण्यास खरोखर किती थोडे लागते, हे त्याला पाहावयाचे होते. या तळ्याला तळच नाही, अशी लोकांची समजूत होती. थोरोने १८४६ साली गोठलेल्या तळ्यावर जाऊन दोरीला दगड बांधला आणि खोली मोजली. ती १०२ फूट भरली! याच थोरोचा सविनय कायदेभंगावरील निबंध पुढे महात्मा गांधींनी आदराने वाचला.

हिवाळ्यात मजूर या तळ्यावरील बर्फाच्या लाद्या कापून काढीत. त्या काळी मॅसॅच्युसेट्समधील बर्फ जहाजांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथपर्यंत येत असे. आपल्या विहिरीचे पाणी दूर देशीचे लोक पितील, या कल्पनेने थोरोला मोठे कौतुक वाटले होते.

थोरोनंतर तळ्याचे दिवस पालटले. जवळूनच लोहमार्ग जात होता. १८६६ मध्ये रेल्वे कंपनीने काठावर सहलीची जागा तयार केली; झोपाळे आले, होड्या आल्या, गर्दीही आली. १९०२ साली ही जागा आगीत जळाली आणि ती पुन्हा उभारली गेली नाही. १९२२ मध्ये इमर्सन व इतर काही कुटुंबांनी तळ्याभोवतीची सुमारे ८० एकर जमीन राज्याला दान दिली. लोकांनी तेथे पोहावे, नौकाविहार करावा, मासे धरावेत, वनभोजन करावे. परंतु तळ्याचे आणि वनाचे मूळ रूप राखले जावे, अशी दात्यांची अट होती.

ही अट पाळणे सोपे नव्हते. १९५७ साली पोहणाऱ्यांची सोय वाढवावी म्हणून व्यवस्थापकांनी काठावरची झाडे तोडून उतार सपाट करण्यास आरंभ केला. काही नागरिक न्यायालयात गेले. १९६० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दानपत्रातील अटीचा मान राखला आणि ते काम थांबले. पुढे १९७५ मध्ये उद्यानाचा कारभार राज्यशासनाने आपल्या हाती घेतला.

आजचे संकट मात्र निराळे आहे. वर्षाकाठी लाखो माणसे तेथे येतात, आणि तळ्याचे वाईट व्हावे असे त्यांतील एकालाही वाटत नाही. तथापि हजारो पावलांखाली काठाची वाळू ढासळते. आळसाने कोणी पाण्यातच लघवी करतो; तिच्यातील फॉस्फरस पाण्यात साचत जातो, त्यावर शेवाळ पोसते आणि निर्मळ पाणी गढुळण्याची भीती निर्माण होते. एकट्याची चूक नगण्य वाटते; पण बाहेर वाट नसलेल्या तळ्यात अशा चुकांची बेरीजच होत राहते.

म्हणून तेथे काही नियम केले आहेत. विस्तव पेटवू नये, कुत्री आणू नयेत, तेलावर चालणाऱ्या यंत्रांच्या नावा पाण्यात घालू नयेत. काठाची धूप होऊ नये म्हणून पायवाटेच्या कडेने तारा लावल्या आहेत. उद्यान भरले की प्रवेशद्वार बंद होते आणि मागून आलेल्यांना परतावे लागते. दुरून आलेल्या मुलांचा त्यामुळे विरस होत असेल, यात शंका नाही. परंतु दार सदैव सताड उघडे राहिले असते, तर त्या मुलांना पुढच्या वर्षी पाहावयास हे तळे असेच उरले असते काय?

मुलांनो, सहलीस जाताना आपण शिदोरी विसरत नाही, तसा संयमही विसरू नये. एखाद्या रम्य स्थळाचा आनंद आपण लुटतो, तेव्हा मागून येणाऱ्यांचा वाटाही आपल्या हाती असतो. तो त्यांच्यासाठी शिल्लक ठेवणे, हे सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. वॉल्डनच्या तळ्यात पडलेली घाण वाहून का जात नाही?
२. दानपत्रातील अटीच्या दोन बाजू कोणत्या? त्या दोन्ही एकाच वेळी सांभाळणे कठीण का होते?
३. उद्यानाच्या दारातून परत पाठवलेल्या मुलाची समजूत तुम्ही कशी घालाल? आठ-दहा ओळींत लिहा.