चेंडू उचलायचा नाही, तर मग तो उडतो कसा?

खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिकी एकादशीला यात्रा भरते, त्या सुमारास आसपासच्या भाताची कापणी उरकत आलेली असते. ज्या शेतांत वाल पेरलेले नसतात, ती मुलांची क्रीडांगणे होतात आणि विटीदांडूचे डाव रंगतात. विटी कोलताना दांडूचे टोक विटीखाली जाते व तिला उचलून फेकते. हाताला ही सवय इतकी पक्की होते, की अशा मुलाच्या हाती गोल्फची काठी दिली तर तो चेंडूही तसाच उचलू पाहील. आणि तेथेच फसेल.

गोल्फ आपल्याकडे नवा नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे; आणि त्याच चेंबूरच्या गल्लीबोळांत मुलांनी लोखंडी सळ्या वाकवून केलेल्या काठ्यांनी व प्लॅस्टिकच्या चेंडूंनी हा खेळ खेळला आहे. त्यातला एक लहानसा फटका म्हणजे ‘चिप’. खळग्याभोवतीच्या हिरवळीच्या बाहेर चेंडू पडला, की तो थोडासा उडवून हिरवळीवर टाकायचा आणि पुढे घरंगळू द्यायचा. फटका दिसतो सोपा. नवशिक्याच्या हातून मात्र एकदा चेंडूमागची माती उकरली जाते, तर एकदा चेंडू न उडता जमिनीलगत सुसाट पळतो.

चेंडू उडतो तो काठीच्या पात्याच्या तिरकसपणामुळे. चिपसाठी वापरायच्या काठ्यांचे पाते उभ्या रेषेपासून ४५ ते ५५ अंश मागे कललेले असते. पाते चेंडूवर जो जोर लावते, तो मुख्यतः पात्याच्या पृष्ठाला लंब दिशेने. म्हणून पाते आडवे किंवा किंचित खाली जात असले तरी चेंडू वर निघतो. घर्षणामुळे त्याला उलटी फिरकीही मिळते.

पाते आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग टिकतो. पात्याचा वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर तेवढ्यात ते जेमतेम ५ मिलिमीटर सरकते. स्पर्श जाणवून हात हलवायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, म्हणजे ४०० पट वेळ! तेव्हा आघात चालू असताना चेंडूला ‘उचलणे’ कोणालाच शक्य नाही. जे ठरायचे ते आघातापूर्वीच ठरलेले असते.

काय ठरलेले असते? पाते खांद्याभोवती वर्तुळकंसात फिरते. त्या कंसाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या किंचित पुढे हवा. तरच आधी चेंडू आणि मग माती असा क्रम लागतो. उचलायच्या हव्यासाने खेळाडू मागच्या पायावर रेलतो, आणि त्याच्याबरोबर तो बिंदूही मागे सरकतो. दहावीच्या भूमितीतले छेदणाऱ्या जीवांचे प्रमेय येथे लावून पाहा. त्रिज्या १५० सेंटिमीटर धरा. नीचतम बिंदू जमिनीला टेकलेला पण चेंडूच्या २५ सेंटिमीटर मागे असेल, तर चेंडूपाशी पोहोचेपर्यंत पात्याची खालची धार २५ × २५ ÷ ३००, म्हणजे सुमारे २.१ सेंटिमीटर वर आलेली असते. गोल्फच्या चेंडूचा व्यास ४.२७ सेंटिमीटर. म्हणजे धार नेमकी त्याच्या पोटावर! (खरा कंस उभा नसून तिरका असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला चढ थोडा कमी.) आणि तोच बिंदू जमिनीच्या खाली गेला, तर आधी माती उकरली जाते. दोन उलट दिसणाऱ्या चुकांचे मूळ असे एकच आहे.

मातीची चूक थोरांनाही चुकली नाही. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४ चा अंतराळवीर ॲलन शेपर्ड याने चंद्रावर गोल्फचा चेंडू मारून पाहिला. पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली. जाड पोशाखामुळे बिचाऱ्याला एकाच हाताने मारावे लागले होते.

आता प्रयोग. मालकाला विचारून मोकळ्या शेतात रांगोळीची एक सरळ रेघ ओढा. जुनी हॉकीची काठी चालेल. रेघ दोन्ही पावलांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता, रेघेवरून हलकेच काठी फिरवून माती खरवडा. मागे व समोर कोणी उभे राहू नये. ओरखड्याचा सर्वांत खोल भाग रेघेच्या किती पुढे वा मागे आहे, ते पट्टीने मोजा. पुढे असल्यास अधिक, मागे असल्यास उणे. रेघेच्या कडेने सरकत १० वेळा करा. मग पुढच्या पायावर (उजवा हात चालवणाऱ्यांनी डाव्या) जास्त भार देऊन, हात पात्याच्या थोडे पुढे ठेवून आणखी १० वेळा. दोन्ही सरासऱ्या काढा. पण सरासरीपेक्षा आकडे किती विखुरले आहेत ते आधी पाहा. हाताला ‘छान बसला’ वाटले, तेव्हाच्या खुणा मुद्दाम वेगळ्या नोंदवा. त्यांतल्या काही रेघेच्या मागेच निघतील. १० पैकी ८ खुणा रेघेपुढे पडू लागल्या, की रेघेवर रबरी चेंडू ठेवा.

हाच प्रयोग चैत्रात, माती कडक होऊन भेगाळल्यावर पुन्हा करा. आता काठी मातीत न शिरता आपटून वर उसळते. उणे खूण पडली असताना चेंडूचे काय होते, हे मार्गशीर्षातल्या आकड्यांशी ताडून पाहा.