प्रवास विमा आणि लपवलेला बीपी

प्रवास विमा म्हणजे ठरावीक मुदतीच्या प्रवासात अचानक अंगावर येणाऱ्या खर्चाची तरतूद. सामान हरवणे, विमान चुकणे, पासपोर्ट गहाळ होणे अशी बरीच कलमे त्यात असतात, पण ती दुय्यम. बॅग गेली तर नुकसान हजारांत असते. परदेशात चार दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले तर वर्ध्यातले घर विकायची वेळ येऊ शकते. त्यामुळे विमा घ्यावा की नाही हा मुळात प्रकृतीचा प्रश्न आहे आणि ट्रॅव्हल एजंटकडे जाण्याआधी तो दवाखान्यात निघायला हवा.

दवाखान्यात तो निघतो, पण उलट्या बाजूने. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेले आईवडील, मोबाइलवर अर्धवट भरलेला फॉर्म आणि विनंती एकच: ‘डॉक्टरसाहेब, फिट असल्याचं लिहून द्या. बीपी-शुगरचं काही दाखवू नका, विमा महाग पडतो म्हणे.’ आजार लपवला की विमा स्वस्तात आणि पूर्ण मिळतो, हा समज वर्धा, आर्वी, हिंगणघाट सगळीकडे इतका मुरला आहे की शिकलेली माणसेही तो व्यवहारज्ञान म्हणून पुढच्याला सांगतात. बऱ्याचदा हे ज्ञान विमा विकणाऱ्याकडूनच आलेले असते. तो सांगून मोकळा होतो. क्लेम नाकारल्याचे पत्र त्याच्या घरी जात नाही.

समज टिकून राहतो, कारण बहुतेक प्रवास विमे तपासणीशिवाय मिळतात. ‘नाही’वर खूण केली, पैसे भरले, पाच मिनिटांत पॉलिसी आली, म्हणजे लपवलेले पचले असे वाटते. कंपनी चौकशी करते ती क्लेम आल्यावर, आणि तेव्हा रुग्णाचे शरीरच साक्षीला उभे राहते. एचबीए१सी या रक्ततपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. आठवडाभर गोड सोडून ती लपत नाही. वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, ती इकोत दिसते. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाहून मधुमेह जुना की नवा, याचा अंदाज येतो. शिवाय इमर्जन्सीत पहिला प्रश्न ‘आधीचे आजार कोणते, गोळ्या कोणत्या?’ हाच असतो. छातीत कळ आलेली असताना कोणी खोटे बोलत नाही. बोलूही नये, त्या उत्तरावर उपचार ठरतात.

हिंगणघाट भागातल्या एका निवृत्त गुरुजींनी परदेशी जाताना फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिले आणि पुरावा नको म्हणून औषधांची चिठ्ठीही घरीच ठेवली. गोळ्या नेल्या त्या मोजक्याच. त्या संपल्यावर ‘इकडची हवा चांगली, बीपी आपोआप उतरतो’ असे स्वतःच ठरवून थांबले. एका पहाटे बोलताना जीभ अडखळू लागली. रुग्णालयात विचारले, बीपी कधीपासून? आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवलेला माणूस, ‘पंधरा वर्षांपासून’ म्हणून गेला. ते वाक्य केसपेपरवर चढले आणि क्लेम तिथेच संपला. वाचा परत आली. बिलाचे हप्ते जावई फेडतो आहे.

डॉक्टरकडून खोटा कागद मिळवणे हा यावर उपाय नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांत खोटे प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन ठरवलेले आहे, आणि असा कागद मिळालाच तरी इकोतली जाड भिंत तो पातळ करत नाही. दुसऱ्या बाजूने, घाबरून जायचेही कारण नाही. बीपी खरा लिहिला म्हणून न्यूमोनिया, अपेंडिक्स, पाय मोडणे किंवा डेंगी यांचे संरक्षण जात नाही. जुन्या आजाराबाबत पॉलिसी साधारण तीन तऱ्हांच्या असतात: त्याचा खर्च अजिबात न देणाऱ्या, जीवावर बेतल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत देणाऱ्या आणि जास्त प्रीमियम घेऊन देणाऱ्या. नियमित गोळ्या घेणाऱ्या, आटोक्यातल्या बीपीच्या माणसाला यातली दुसरी किंवा तिसरी मिळवता येते. ती शोधण्यात गेलेला अर्धा तास स्वस्त पॉलिसी शोधण्यात गेलेल्या अर्ध्या तासापेक्षा कामाचा असतो.

अचानक आलेला आजार आणि आधीपासून ठाऊक असलेला आजार यांत फरक करणे वर्धेकरांना नवे नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांत चालवलेल्या ज्वारीच्या विम्यात शेतकरी सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी देत आणि वर्षभराचे संरक्षण घेत. अवचित दुखण्याला पूर्ण सवलत होती. मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचे बाळंतपण अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींना कमी. वर्गणी सुगीला गोळा होई, तापाने फणफणल्यावर नव्हे. प्रवास विमाही निघण्यापूर्वीच घ्यायचा असतो. तिकडे पोचून खोकला लागल्यावर केलेली धावपळ फुकट जाते.

आता प्रत्यक्ष निर्णय. अमेरिकेला जाणाऱ्या साठीपुढच्या माणसाने विम्याशिवाय जाऊ नये, यात चर्चेला जागा नाही. तिथे १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी विभागाला रुग्णाची प्राथमिक तपासणी करून त्याला सावरावेच लागते, पैसे असोत वा नसोत. ‘तिकडे उपचार नाकारत नाहीत’ ही जी बातमी व्हॉट्सॲपवर फिरते ती इतपतच खरी. बिल नंतर घरी येते, हे त्या संदेशात नसते. पर्यटक व्हिसावर अमेरिका विम्याची सक्ती करत नाही, म्हणून माणसे बेफिकीर राहतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा मात्र किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय विम्याशिवाय मिळत नाही. तेवढी रक्कम व्हिसापुरती ठीक. जुना हृदयविकार असेल तर जास्तीची घ्यावी.

पॉलिसीवरचा मोठा आकडा बघून खूश होण्याआधी आतली उपमर्यादा वाचावी. ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत खोलीभाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरची फी यांना वेगवेगळी कमाल मर्यादा असते. वर लाख डॉलर आणि आत शस्त्रक्रियेला त्याचा छोटासा तुकडा. सुरुवातीची किती रक्कम स्वतः भरायची, मुक्काम वाढला तर मुदत वाढवता येते का, तेही बघावे. दारूच्या अमलाखाली झालेल्या अपघाताला बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा, त्यामुळे हे कलम इथे कोणी वाचत नाही. पण बंदी जिल्ह्यापुरती आहे आणि सहली जिल्ह्याबाहेर जातात.

नेपाळ हे सगळ्यांत फसवे ठिकाण. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथच्या यात्रेला पासपोर्ट लागत नाही, म्हणून ती देशातली यात्रा वाटते. पण आयुष्मान कार्ड सीमेपलीकडे चालत नाही आणि घरचा मेडिक्लेमही साधारणपणे भारतापुरताच असतो. मुक्तिनाथ सुमारे ३,८०० मीटरवर आहे. नेपाळ यात्रेला विमा घ्यावा, आणि त्यात उंचीवरून खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, हे विचारावे.

देशातल्या प्रवासाला वेगळा विमा बहुतेकांना लागत नाही. ज्यांच्याकडे चालू मेडिक्लेम आहे किंवा वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार देणारे आयुष्मान कार्ड आहे, त्यांनी वाटेतल्या मोठ्या गावांतली संलग्न रुग्णालये लिहून ठेवली तरी पुरे. रेल्वेचे ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा विमा जरूर घ्यावा. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी तो १० लाख रुपये देतो. पण तो रेल्वे अपघाताचा विमा आहे. सेवाग्राम स्थानकावरून सुटलेल्या गाडीत भुसावळच्या अलीकडे हृदयविकाराचा झटका आला तर त्याचा काही संबंध नाही. असे झाल्यास १३९ वर फोन करून किंवा टीटीईला सांगून पुढच्या स्थानकावर डॉक्टर मागवावा. ॲसिडिटीची गोळी घेऊन मुंबई गाठण्याचा हट्ट करू नये.

चारधाम आणि अमरनाथची गोष्ट निराळी. मे महिन्यात वर्ध्याच्या ४५ अंशांतून निघालेला माणूस तीन-चार दिवसांत केदारनाथला, ३,५८३ मीटरवर, थंडीत उभा असतो. हेलिकॉप्टरने तर पायथ्यापासून काही मिनिटांत. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे ते याचसाठी, आणि तेही दवाखान्यात ‘साहेब, फक्त सही’ म्हणून मागितले जाते. कापूर हुंगल्याने प्राणवायू वाढतो, हा समज करोनाच्या साथीत पसरला आणि यात्रेकरूंच्या पिशवीत राहून गेला. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. पोटात गेला तर झटके येऊ शकतात, विशेषतः लहान मुलांना. उंचीवर डोके दुखून मळमळले की आणखी वर चढू नये. तोल जाणे, बरळणे, बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही दिसले की रात्र असली तरी खाली उतरवावे. दर्शन राहिले तर राहू द्यावे.

विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला उंचीवर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो; नुसत्या वाहकालाही क्वचित प्लीहेचा त्रास होतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर उंचीच्या प्रवासाआधी तपासणी करून घ्यावी आणि निदान विम्याच्या फॉर्मवर लिहावे.

औषधे हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावीत आणि मुक्कामापेक्षा दोन आठवड्यांची जास्त घ्यावीत. इन्सुलिन चेक-इनच्या सामानात टाकू नये. तिथे गोठले तर निकामी होते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल दुबईत नियंत्रित औषधे आहेत. मेडिकलवाल्याने सहज दिलेली पट्टी तिथल्या विमानतळावर अडचणीची ठरते, आणि त्या अडचणीला कोणताच आरोग्य विमा उपयोगी पडत नाही.

चार तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. दर तास-दीड तासाने उठून चालावे, बसल्या बसल्या घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे. रक्त पातळ राहावे म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये. तिचा या कामी भरवशाचा उपयोग नाही आणि पोटातल्या जुन्या व्रणातून रक्तस्राव होऊ शकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणे, अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे ही धोक्याची चिन्हे परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंतही दिसू शकतात. अशी पोटरी तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी सेवाग्राम, सावंगी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन शिरांची सोनोग्राफी करून घ्यावी. परदेशात असेच काही झाले तर तिथली इमर्जन्सी गाठून पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. तो क्रमांक प्रवाशाच्या मोबाइलमध्ये, खिशातल्या कागदावर आणि वर्ध्यात मागे राहिलेल्या एका माणसाकडे, असा तिन्ही ठिकाणी असावा.