आपल्या घरातले मूल वेळेवर बोलते का?

मूल एकदम बोलत नाही. आधी ते ऐकते, मग आवाज काढते, मग शब्द बोलते. कोणी लवकर बोलते, कोणी उशिरा. मग काळजी कधी करायची? हे मी अंगणवाडीच्या ताईंना आणि आमच्या बाईंना विचारून लिहिले आहे.

वयाप्रमाणे बघायच्या गोष्टी :

१) सहा ते नऊ महिने – बाबाबा, दादादा असे आवाज काढते. आवाज आला की मान वळवते.
२) एक वर्ष – नावाने हाक मारली की बघते. टाटा करते. एखादा शब्द बोलते.
३) दोन वर्षे – दोन शब्द जोडते. जसे, ‘पाणी दे’, ‘बाबा आले’.
४) तीन वर्षे – लहान वाक्ये बोलते. पाहुण्यांनाही त्याचे बोलणे बरेचसे कळते.

मूल यापेक्षा फार मागे असेल, किंवा आधी येणारे शब्द बोलायचे बंद झाले असेल, तर तपासून घ्यावे.

माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा आहे. तो ‘आई’ आणि ‘मम’ एवढेच बोलतो. काही हवे असले की माझा हात धरून नेतो. आज्जी म्हणते, “त्याचा बापपण उशिराच बोलला, बोलंल हळूहळू.” शेजारच्या काकी म्हणाल्या, “वेखंड चाटवा.” पण ताई म्हणाल्या, “आधी कान तपासा.” कारण ज्याला नीट ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसे? मागून टाळी वाजवून सगळे कळत नाही. काही मुलांना मोठा आवाज ऐकू येतो, बारीक येत नाही. खरी तपासणी दवाखान्यात मशीनवर होते. भावाला आता जिल्ह्याच्या दवाखान्यात नेणार आहेत.

सगळे बोबडे बोलणे म्हणजे दोष नव्हे. तीन वर्षांचे मूल भाकरीला ‘भाकली’ म्हणाले तर घाबरू नये. ‘र’ उशिराच येतो.

बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांना स्पीच थेरपिस्ट म्हणतात. ते सुई टोचत नाहीत. चित्रे आणि खेळणी घेऊन खेळत खेळत शब्द शिकवतात. घरी काय करायचे तेही आईवडिलांना सांगतात. या कामासाठी मुंबईला वांद्र्यात १९८३ साली मोठी राष्ट्रीय संस्था निघाली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. तपासणीला पैसे लागत नाहीत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

आपण मुलांनी काय करावे?
- लहान भावंडांशी समोर बसून सावकाश बोलावे.
- जेवताना, अंघोळ घालताना वस्तूंची नावे सांगावी.
- हातात मोबाईल देऊन गप्प बसवू नये.
- कोणाला ‘मुका’, ‘बोबड्या’, ‘तोतऱ्या’ असे चिडवू नये. चिडवले की मूल बोलायलाच भिते.

आईवडिलांना विनंती, ‘बोलेल पुढे’ म्हणून थांबू नका. तपासून सगळे ठीक निघाले तर आनंदच आहे. काही निघाले तर जितके लवकर शिकवू तितका जास्त फायदा होतो.

– इयत्ता चौथी