पट्ट्या जोडून फळी : आधी क्लॅम्प, मग यंत्र



पाट, चौरंग, देवघर करायचं म्हटलं की रुंद फळी लागते. सलग रुंद फळी महाग पडते, आणि पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात वाकते ते वेगळंच. म्हणून अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून फळी करतात. आपल्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांना लागणारे मोठे लाकडी पॅटर्न असेच तुकडे चिकटवून बनतात.

ऑर्डर वाढली की गटात प्रश्न निघतो, "कर्ज काढून चिकटवायचं मशीन घेऊया का?" या पाठात त्याचं उत्तर हिशेबानं शोधू.

१. सांधा का उकलतो?

मशीन असो वा हात, चार गोष्टी सांभाळाव्याच लागतात.

ओलावा : घरात वापरायच्या वस्तूच्या लाकडात साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असावा. ओलावा मोजायचा मीटर मिळतो. त्यामागचा हिशेब असा : लाकडाचा तुकडा आधी ११२ ग्रॅम भरला आणि ओव्हनमध्ये पूर्ण सुकवल्यावर १०० ग्रॅम, म्हणजे ओलावा १२ टक्के. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात लाकूड उघड्यावर ठेवलं तर ते पाणी ओढतं. तशाच पट्ट्या चिकटवल्या तर उन्हाळ्यात गिऱ्हाइकाच्या घरी फळीला चीर पडते.

रंधा : पट्टीची कड सरळ आणि काटकोनात हवी. दोन पट्ट्या उभ्या धरून उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर परत रंधा मारा. रंधलेल्या पट्ट्या शक्यतो त्याच दिवशी चिकटवा. लाकडाच्या टोकाला वलयं दिसतात. त्यांची कमान एका पट्टीची वर, दुसरीची खाली अशी लावली तर फळी कमी वाकते.

गोंद : एक चौरस मीटर सांध्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम गोंद पुरतो. दाब दिल्यावर सांध्यावर बारीक मण्यांची ओळ उमटली तर प्रमाण बरोबर. काहीच आलं नाही तर गोंद कमी, ओघळ आले तर वाया. पोळपाटासारख्या ओल्या होणाऱ्या वस्तूला पाण्यात टिकणाराच गोंद घ्या.

वेळ : गोंद लावल्यापासून दाब देईपर्यंत थोडीच मिनिटं मिळतात, उन्हाळ्यात तर आणखी कमी. गोंदावर साय धरली की सांधा पकडत नाही.

२. दाब किती लागतो?

समजा फळी १२० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड आहे. एका सांध्याचं क्षेत्रफळ १२० × २ = २४० चौरस सेंटिमीटर. मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब धरला, तर एकूण २४०० किलो. एक क्लॅम्प ४०० किलो दाब देत असेल तर ६ क्लॅम्प हवेत. कठीण लाकडाला दाब जास्त लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पट्ट्या ५ असोत की १२, दाब तेवढाच लागतो, कारण एका कडेनं दिलेला दाब सगळ्या सांध्यांतून पुढे जातो.

३. काम अडतं कुठे?

समजा गोंद लावून क्लॅम्प आवळायला १० मिनिटं लागतात आणि फळी ४५ मिनिटं क्लॅम्पमध्ये ठेवावी लागते. एका फळीला झाली ५५ मिनिटं. ६ क्लॅम्पचा एकच संच असेल तर ८ तासांत, म्हणजे ४८० मिनिटांत, ८ फळ्या होतात. त्यातली ४५ मिनिटं दर वेळी हात रिकामेच!

आता तसे ४ संच घ्या. पहिली फळी वाळेपर्यंत दुसरी, तिसरी, चौथी भरून होते. त्याच ५५ मिनिटांत ४ फळ्या, दिवसाला ३२. वीज नाही, मोठं कर्ज नाही.

म्हणजे इथे काम हातामुळे नाही, क्लॅम्पमुळे अडलं होतं. गोंद लावायचं मशीन आणलं असतं तर १० मिनिटांची ५ झाली असती, पण ४५ मिनिटं तशीच राहिली असती. दिवसाला जेमतेम एक फळी वाढली असती.

४. यंत्राच्या पायऱ्या

पहिली पायरी, क्लॅम्पचे संच वाढवणं आणि पट्ट्या सरळ बसवायला एक पक्का साचा करणं.

दुसरी, रंधा मशीन. कडा एकसारख्या झाल्या की उकलणारे सांधे कमी होतात.

तिसरी, गोंदाचा रोलर. ६ संच झाले की क्लॅम्प थांबत नाहीत, हात कमी पडतात. तेव्हा रोलर उपयोगी पडतो. गोंदही सगळीकडे सारखा लागतो.

चौथी, हवेच्या दाबावर चालणारा प्रेस. ६ किलो दाबाच्या कंप्रेसरवर १०० मिलिमीटर व्यासाचा एक सिलिंडर साधारण ४७० किलो जोर देतो. वरच्या फळीला असे ६ लागतील.

मोठ्या कारखान्यात क्लॅम्पची फिरती चाकं असतात. एक कप्पा भरतो तोवर बाकीच्यांत फळ्या वाळतात. आपण ४ संचांनी जे केलं, तेच तिथे चाकावर होतं. त्याहून मोठ्या प्रेसमध्ये रेडिओ लहरींनी गोंद तापवतात आणि सांधा मिनिटा-दोन मिनिटांत धरतो. पण तेवढा माल रोज विकणार कोण, हे आधी ठरवावं लागतं.

५. मशीन आलं तर बायकांचं काय?

गोंद लावणाऱ्या ताईंचं काम मशीननं घेतलं तर त्यांना कोणतं काम द्यायचं, हे कर्जाच्या ठरावाआधी ठरवा. ओलावा मोजणं, सांधे तपासणं, प्रेसचा दाब लावणं ही कामं गटातल्याच किमान दोघींनी शिकावीत. नाहीतर मशीन आपलं आणि चालवणारा बाहेरचा, असं होऊन बसतं.

रंधा मशीनपाशी पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या, तोंडाला मास्क. प्रेस घेताना दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्यावरच चालणारा मागा, म्हणजे बोटं आत राहत नाहीत.

बैठकीत करा

१. घड्याळ लावून एका फळीची वेळ लिहा : रंधा, गोंद, आवळणं, वाळणं.
२. मागच्या महिन्यात किती फळ्या उकलल्या आणि कशामुळे, ते लिहा.
३. सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो? तिथे आणखी क्लॅम्प घेऊन भागेल का?
४. वाढलेल्या फळ्या घेणारं गिऱ्हाईक पक्कं आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आल्याशिवाय कर्जाच्या अर्जावर सही करू नका.