पट्टा पडल्यावर लाटेवर

आमच्या भवानीनगरात पाणी म्हणजे नीरा डावा कालवा. वीर धरणातून सुटलेलं पाणी बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात येतं. आवर्तन कधी, पाळी कुणाची, फाट्याला दाब किती, टेलकडच्यांना काय उरणार, यावरच आमच्या निम्म्या गप्पा चालतात. समुद्र मी एकदा लग्नानंतर गणपतीपुळ्याला पाहिला आणि एकदा मुलांच्या सहलीत. दोन्ही वेळा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून.

यंदा गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, आमचा ऊस गेला, खोडव्याला पहिलं पाणी देऊन झालं आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीचा फोन आला. "मामा, गोव्याला चला, सर्फिंग शिकायचंय. चौघांचा वेगळा वर्ग मिळतोय. आम्ही दोघं, तुम्ही दोघं."

मी म्हटलं, "अगं, एकावन्न पूर्ण झाली मला."

"त्यांनी वय विचारलं नाही मामा, वजन विचारलंय. बोर्ड त्यावर ठरतो."

फलटण, सातारा, कोल्हापूर, आंबोलीचा घाट, सावंतवाडी असं करत आम्ही पेडणे तालुक्यातल्या आश्वेच्या किनाऱ्यावर पोचलो. दीड तासाच्या त्या वर्गात जे कळलं, ते जसंच्या तसं सांगतो.

१. विहिरीतलं पोहणं विहिरीत ठेवा

सात वर्षांचा असताना आजोबांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला आणि मोटेच्या थारोळ्यावरून मला खाली सोडलं. पुढे मुटके मारले, सूर मारले, तळाची माती मुठीत घेऊन वर आलो. त्यामुळे शिकवणाऱ्या पोराला मी ऐटीत सांगितलं, "पोहता येतं मला."

पोरगा बावीस-तेवीसचा, त्याच किनाऱ्यावर वाढलेला. त्याने शांतपणे विचारलं, "समुद्रात, काका?"

विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, हालचाल आपण करायची. इथे कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो आणि पायाखालची वाळूच सरकत होती. पहिल्या पाच मिनिटांत मी लाटेकडे पाठ केली आणि दोन घोट खारं पाणी प्यालो. पोहणं येत असेल तर घाबरगुंडी कमी होते, हे खरं. पण पहिल्या दिवसाचं सर्फिंग कमरेएवढ्या पाण्यातच चालतं, तिथे पोहायची वेळ फारशी येत नाही. तिथे लागतं ते ऐकणं, आणि ते मी कमी केलं.

२. पहिला अर्धा तास वाळूचा असतो

आम्हाला वाटलं होतं, गेलो की पाण्यात. त्याने बोर्ड वाळूवर मांडले. नवशिक्यांचे बोर्ड मऊ फोमचे, माझा नऊ फुटी. मोठा बोर्ड पाण्यात स्थिर राहतो आणि डोक्याला लागलाच तर टेंगळावर भागतं. बोर्डाखाली मागच्या टोकाला माशाच्या परांसारखे पंख असतात, ते वाळूत रुतू नयेत म्हणून त्याने तिथे खड्डे केले होते.

आधी कुठला पाय पुढे ते ठरवायचं. त्याने मला डोळे मिटायला सांगितले आणि मागून हलकेच ढकललं. सावरायला जो पाय आपोआप पुढे पडला, तोच बोर्डावर पुढचा. माझा डावा निघाला. मागच्या पायाच्या घोट्याला दोरी बांधतात, तिला लीश म्हणतात. बैलाचा कासराच म्हणा ना. माणूस पडला तरी बोर्ड पळून जात नाही.

मग उठण्याची कवायत. पालथं पडायचं, तळवे छातीच्या बाजूला बोर्डावर सपाट टेकवायचे, भुजंगासनासारखी छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन आडवं उभं राहायचं. गुडघे वाकलेले, हात सैल. आमच्या भागात जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो. पैलवान हात मिळवून सरकतो तेव्हाचा पवित्रा डोळ्यांपुढे आणा. मी बोर्डाच्या कडा घट्ट पकडत होतो. तो म्हणाला, "कडा धरल्या की बोर्ड कलंडतो." वीस वेळा उठवलं. मला वाटलं, वेळ काढतोय. पाण्यात गेल्यावर समजलं की तिथे विचार करायला दोन सेकंदही मिळत नाहीत. अंगाला जे माहीत असेल तेवढंच अंग करतं.

३. चौघांचा वर्ग पैशात महाग, शिकण्यात स्वस्त

शेजारी पंधरा-सोळा जणांचा घोळका होता. त्यांच्यातला एकेक जण आपली पाळी येईपर्यंत थंड पाण्यात हात चोळत उभा. आम्हा चौघांना दोन शिकवणारे होते. बोर्ड लाटेच्या तोंडाशी नेमका लावायचा, योग्य क्षणी मागून ढकलायचं आणि "उठ" म्हणायचं, हे काम एकेकाला धरूनच करावं लागतं. शिवाय माणसं कमी म्हणजे एकमेकांवर बोर्ड आदळण्याची भीती कमी.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. मी पडून परत आलो की तो एकच चूक सांगायचा. पहिल्यांदा फक्त हात. दुसऱ्यांदा फक्त पाय. माझ्या डझनभर चुका त्याला दिसत असणार, पण बाकीच्या तो पोटात ठेवायचा. मुलाला ट्रॅक्टर शिकवताना मी क्लच, गिअर, आरसा, नांगर सगळं एका दमात ओरडून सांगितलं होतं, ते तिथे पाण्यात उभं राहून आठवलं.

४. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नका

हा धडा मी बरगडीवर घेतला. पडल्यावर मी बोर्ड पोटापुढे आडवा धरून उभा राहिलो. मागून आलेल्या लाटेने तो तसाच उचलून माझ्या अंगावर आणला. दोष शिकवणाऱ्याचा नव्हता, त्याने वाळूवरच हे दोनदा सांगितलं होतं.

नियम सोपा आहे. बोर्ड कायम बाजूला, टोक लाटेकडे. पडायचं तर सपाट पडायचं, डोकं खाली करून सूर मारायचा नाही, कारण खाली कंबरभर पाण्यातच वाळू आहे. वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे, बोर्ड नेमका कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. लीश बोटांना गुंडाळायची नाही. कासरा हाताला गुंडाळून बैलापुढे चालू नये, हे आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. इथे तेच.

५. लाट मागून मिळत नाही

आम्ही कालव्याचे लोक. पाणी आलं की दारं धरायचं, एक सरी भिजली की खोऱ्याने बांध फोडून दुसरीत वळवायचं. पाण्याने आपलं ऐकायचं, ही आमची सवय. मला प्रत्येक लाट पकडायची घाई. शिकवणारा मात्र बोर्ड धरून उभा. एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. "ही नको. हीपण नको."

लाटा झुंडीने येतात, मग मध्ये सामसूम असते. त्या दूर समुद्रात वाऱ्याने उठवलेल्या असतात, आणि किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की फुटतात. फुटून पांढरा फेस झालेली लाट नवशिक्याची, न फुटलेली हिरवी लाट पुढच्या इयत्तेची. सकाळी वारा पडलेला असतो म्हणून वर्ग साडेसातचा. दुपारी वारा सुटला की पाणी खवळतं.

वाळूवर रापणीची होडी होती, तिथे जाळं निवडत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला भरतीचा हिशेब सांगितला. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ, अंदाजाने. त्या दिवशी अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला भरती होऊन गेली होती, आम्ही उतरलो तेव्हा पाणी हळूहळू मागे चाललं होतं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, म्हणून तिथीमागे पाऊण तास. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. शिकायला निघताना ही तिथी बघायला हरकत नाही. कालव्याचं आवर्तन बैठकीत ठरतं, हे चंद्रावर.

६. हा गोऱ्यांचा खेळ नाही

मला वाटायचं, हे सिनेमातलं, परदेशी लोकांचं. वाट बघताना पोराने बरंच सांगितलं. हा खेळ मूळचा हवाई बेटांवरच्या लोकांचा. त्यांच्यातला ड्यूक कहानामोकू १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकला आणि त्याने सर्फिंग जगभर नेलं. सर्फिंगच ऑलिंपिकमध्ये यायला टोकियो उजाडावं लागलं. आपल्याकडे मंगळुरूजवळच्या मुल्की गावात 'सर्फिंग स्वामी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॅक हेबनर यांनी २००४मध्ये क्लब काढला, तिथून या खेळाने मूळ धरलं. आज तमिळनाडूच्या कोवलमसारख्या कोळीवस्त्यांमधली मुलं यात पुढे आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुडिहाळने कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत वैयक्तिक प्रकारातलं ते भारताचं पहिलं.

७. नजर खाली गेली की माणूस खाली जातो

माझी पहिली सहा-सात उठणी एकाच पद्धतीने फसली. उभा राहिलो की पाय नीट पडलेत का ते बघायचो. बघितलं की गडप. बायकोला पोहता येत नाही. तिने पाण्यात उतरताना माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली. पण वाळूवर सांगितलं तेवढंच तिने केलं, स्वतःचं काही घातलं नाही. तिसऱ्याच लाटेवर ती उभी राहिली. गुडघे वाकलेले, मान ताठ, डोळे समोरच्या माडांवर. फेसाचा लोट तिला घेऊन सरळ वाळूपर्यंत गेला आणि ती चप्पल काढावी तशी बोर्डावरून उतरली.

"कसं जमलं गं?"

"त्यात काय? वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येते, तेव्हा खाली बघते का मी?"

पुढच्या लाटेला मी माडांकडे पाहिलं. मागून ढकलल्याचं जाणवलं, पाण्याचा आवाज एकदम कमी झाला आणि बोर्ड पायाखाली थरथरत पळू लागला. तीन सेकंद असतील. बांध फोडल्यावर कोरड्या सरीत पाणी जसं पुढे पुढे धावतं, तसा मी त्या पाण्याबरोबर चाललो होतो. मग आनंदाने बायकोकडे बघायला मान वळवली आणि पडलो.

८. जिथे पाणी गप्प, तिथे जपा

हा धडा सर्फिंग न करणाऱ्यांनीही वाचावा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत आत जायला वाट शोधतं. ती वाट म्हणजे एक अरुंद प्रवाह. तिथे लाटा कमी फुटतात, फेस कमी दिसतो, पाणी शांत आणि गडद वाटतं. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम संपेल. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडा, मग लाटांबरोबर परत या. पोहता येत नसेल तर बोर्ड सोडू नका, हात वर करून मदत मागा. गोव्यात २००८पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही. आणि जून ते सप्टेंबर समुद्राच्या वाटेला जायचं नाही.

आमचा कालवाही वरून असाच गप्प दिसतो. आवर्तन जोरात असताना त्यात उडी मारणाऱ्या पोरांना मी आता दोन शब्द जास्त सांगतो.

९. दुसरा दिवस धरून चाला

खांदे, मान आणि बरगड्या दुसऱ्या दिवशी बोलतात. फोमवर पोट घासून सोलवटतं, म्हणून अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. ऊन पाण्यावरून उलटून लागतं, तोंडाला क्रीम लावा. जाताना एखादं केळं खा, भरल्या पोटी जाऊ नका. नंतर जेवणात सोलकढी मागून घ्या. आणि परतीचं ड्रायव्हिंग भाचेजावयाकडे द्या.

जायचं असेल तर गाळप आटोपल्यावर मार्च-एप्रिलात जा, सकाळची वेळ घ्या, तिघं-चौघंच असा आणि शिकवणाऱ्याच्या वयाकडे बघू नका. भवानीनगरला परतलो त्या आठवड्यात आमची पाळी रात्री दोनची होती. खोरं घेऊन सरीत उभा असताना मी गुडघे जरा वाकवून पाहिले. दीड तासात मी चार वेळा उभा राहिलो, बायको सात वेळा. हिशेब तिने ठेवला होता.