सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही : अशा वेळी काय पाहायचे?



आपल्या आरमोरी तालुक्यात गाडी आता फक्त पुरुषांची राहिली नाही. सीआरपी ताईला एका दिवसात दोन-तीन गावच्या सभा करायच्या असतात. बँक सखी गावोगाव फिरते. कोणी भाजी घेऊन बाजाराला येते, कोणी सासूला दवाखान्यात नेते. कितीतरी जणींनी गटाच्या कर्जातून स्कूटी किंवा मोटारसायकल घेतली आहे. गाडी दोन दिवस गॅरेजात पडली तर दोन दिवसांची कमाई जाते, हप्ता मात्र थांबत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. वैरागड, देलनवाडी, मानापूर या बाजूला जाताना जंगल लागते. वाघ आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही आपल्या जिल्ह्यात फिरतात. अशा रस्त्यावर दिवस मावळताना गाडी बंद पडली तर "कोणी माणूस येतो का" म्हणून वाट पाहत बसणे बरे नाही. गाडी पूर्ण दुरुस्त करणे हे मिस्त्रीचेच काम आहे. पण चालू न होण्याची बरीच कारणे साधी असतात, आणि ती आपल्यालाच दहा मिनिटांत सापडू शकतात.

आधी आजार ओळखा

बटन दाबल्यावर काहीच आवाज नाही किंवा नुसते टिक-टिक वाजते, तर दोष बहुतेक बॅटरीचा, फ्यूजचा किंवा सेल्फचा. स्कूटीत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, हेही विसरू नका.

आजचा पाठ दुसऱ्या आजाराचा आहे. सेल्फ घर्र-घर्र फिरतो किंवा किक मारली की इंजिन फिरते, पण पेटत नाही. अशा वेळी आपली चूल आठवा. चूल पेटायला सरपण पाहिजे, काडी पाहिजे आणि फुंकर पाहिजे. इंजिनलाही तीनच गोष्टी लागतात: तेल म्हणजे पेट्रोल, करंट म्हणजे प्लगची ठिणगी, आणि हवा. गटाची दशसूत्री पाठ आहे तसे हे तीन शब्द पाठ करा : तेल, करंट, हवा. शोध याच क्रमाने घ्यायचा.

बटन दाबत राहू नका

गाडी चालू होत नाही म्हटले की आपण सेल्फ दाबतच राहतो. त्याने बॅटरी उतरते, सेल्फची मोटर तापते आणि प्लग पेट्रोलने भिजतो. एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ दाबू नका. मध्ये किमान १० सेकंद थांबा. तीन-चार वेळा करून झाले नाही तर बटन सोडा आणि खालीलप्रमाणे पाहा.

पाना न लावता पाहायच्या गोष्टी

१. उजव्या हाताजवळचे लाल बटन (सर्व गाड्यांना नसते) बंद तर नाही? लेकरं खेळताना ते दाबतात. ते बंद असेल तर काही गाड्यांत सेल्फ फिरतच नाही. काहींत इंजिन फिरते, पण ठिणगी पडत नाही.

२. साइड स्टँड वर आहे का? बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असला की चालू होत नाहीत.

३. गाडी पडली होती का? इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या आडव्या झाल्या की आपोआप बंद होतात. गाडी सरळ उभी करा, चाबी बंद करा, थोडे थांबून पुन्हा चालू करा.

४. सेल्फ नेहमीपेक्षा मंद फिरतो का? हॉर्न बारीक वाजतो का? मग बॅटरी कमजोर आहे. किक असेल तर किक मारा.

पहिले : तेल

काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीचे झाकण उघडा आणि गाडी हलवून आवाज ऐका. उजेडासाठी काडी किंवा लायटर कधीच नाही, मोबाइलची बॅटरी पुरे.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद असेल तर चालू करा. तेल कमी असेल तर रिझर्व्हवर टाका. सकाळी थंड इंजिनला चोक द्या, पण गाडी चालू झाली की चोक परत बंद करा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला. तेव्हापासून विकलेल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्यूल इंजेक्शन आहे. बहुतेकींना चोक आणि कॉक दोन्ही नसतात. अशा गाडीची चाबी चालू केली की दोन-तीन सेकंद बारीक 'सुंऽऽ' आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा आवाज. तो थांबल्यावर सेल्फ मारा. आवाजच आला नाही तर फ्यूज, बॅटरी किंवा पंपात दोष आहे. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत राहिला तर ते मिस्त्रीचे काम. या गाड्यांत टाकी कोरडी होऊ देऊ नका. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो.

गाडी थोडी चालते आणि बंद पडते, झाकण उघडले की 'फुस्स' होते आणि मग पुन्हा चालते, असे होते का? तर झाकणाचे बारीक छिद्र बुजले आहे. ते साफ करून घ्या.

बाटलीतले पेट्रोल गावात गरजेला कामी येते, पण बाटली पाण्याची असेल तर घात होतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात पाणी गेले की इथेनॉल पाण्याला धरते आणि दोन्ही टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. इंजिनला तेच पोचते आणि गाडी पेटत नाही. तेल भरल्याबरोबर हा त्रास सुरू झाला असेल तर मिस्त्रीला ते आधी सांगा.

दुसरे : करंट

प्लगवर बसलेली रबरी टोपी ढिली झाली का पाहा. काढून पुन्हा घट्ट दाबा. पावसात ती ओली होते, तेव्हा आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसा. कधी एवढ्यानेच गाडी चालू होते.

नाही झाली तर इंजिन थंड झाल्यावर प्लग पान्याने प्लग काढा आणि त्याचे टोक पाहा :

- विटकरी किंवा बदामी रंग : ठीक आहे.
- ओला, पेट्रोलचा वास : तेल पोचते, पण पेटत नाही. गाडी 'ओव्हर' झाली किंवा करंट नाही.
- वारंवार सेल्फ मारूनही एकदम कोरडा : तेलच पोचत नाही. पुन्हा पहिल्या मुद्द्यावर या.
- काळा, काजळी धरलेला : साफ करा किंवा बदला. हवेची जाळीही पाहा.

ठिणगी पाहायची असेल तर प्लग पुसून टोपीत बसवा. प्लगचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवा, पण प्लगच्या छिद्रापासून दूर. धरायचे फक्त रबरी टोपीला, कारण झटका जोराचा बसतो. दुसरीने चाबी चालू करून किक किंवा सेल्फ मारावा. निळी, चटचट ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, मरगळलेली किंवा काहीच नाही, तर नवा प्लग लावून पाहा. पेट्रोल सांडले असेल किंवा वास येत असेल तर हा प्रयोग करू नका. आधी पुसा, वास जाऊ द्या.

तिसरे : हवा

आपल्याकडचा धुरळा आणि मळणीच्या वेळचा धानाचा भुसा हवेच्या जाळीत जाऊन बसतो. गाडी महिनाभर उभी असेल तर उंदीर तिथे घर करतात आणि वायरीही कुरतडतात. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घर बांधते. दोन्ही तोंडे मोकळी आहेत का पाहा.

किक एकदम हलकी, रिकामी लागते का? मग इंजिनमध्ये दाब धरत नाही. तिथे आपला शोध संपला, गॅरेज गाठा.

गाडी 'ओव्हर' झाली तर

पेट्रोलचा वास येतो आणि प्लग ओला आहे, तर चोक बंद करा आणि पाच-दहा मिनिटे थांबा. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण फिरवून धरा आणि ५ सेकंद सेल्फ किंवा चार-पाच किक मारा. इंजिन पेटले की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. यावेळी गाडी न्यूट्रलमध्येच पाहिजे. स्कूटी मेन स्टँडवर घ्या आणि मागचा ब्रेक दाबून ठेवा.

रपट्यावरच्या पाण्यात बंद पडली तर

पावसाळ्यात गाढवी, खोब्रागडी भरून येतात आणि नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी जाते. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका. तरीही पाण्यात गाडी बंद पडली तर तिथे सेल्फ किंवा किक मारू नका. इंजिनमध्ये पाणी शिरलेले असेल तर पाणी दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो आणि मोठा खर्च बसतो. गाडी ढकलत बाहेर काढा. जाळीत पाणी दिसले तर चालू न करताच मिस्त्रीकडे न्या. गाडीपेक्षा जीव मोठा, पाणी जोराचे असेल तर गाडी सोडा.

जंगलाच्या रस्त्यावर

शोध १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. आधी घरी आणि गटात फोन करून जागा सांगा, मग गाडीला हात लावा. काही आवाज आला, किंवा अंधार पडू लागला, तर गाडी कुलूप लावून तिथेच ठेवा आणि येणाऱ्या गाडीसोबत गाव गाठा. मोबाइलला रेंज कुठपर्यंत असते हे आपल्या नेहमीच्या रस्त्यावर आधीच पाहून ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

सीटखाली ठेवा : प्लग पाना, एक जादा प्लग, कोरडे कापड, जादा फ्यूज.

मिस्त्रीकडे बोलताना

"गाडी बिघडली जी, पाहून घ्या" एवढेच म्हटले तर काय बदलले, का बदलले, हे आपल्याला कळत नाही. त्याऐवजी सांगा : "सेल्फ फिरते, टाकीत तेल आहे, पंपाचा आवाज येते, पण प्लगवर ठिणगी नाही." असे बोलणाऱ्या बाईचे काम लवकर होते आणि नको ते पार्ट बदलले जात नाहीत. कामाआधी खर्चाचा अंदाज विचारा. जुना पार्ट परत मागा. पावती घ्या. गाडी व्यवसायाची असेल तर तो खर्च वहीत लिहा, तरच नफा खरा कळतो.

पुढच्या सभेत करा

एका ताईची गाडी सभेच्या जागी आणा. प्रत्येकीने चार गोष्टी स्वतः शोधून दाखवाव्यात : लाल बटन (असेल तर), फ्यूजचा डबा, प्लगची टोपी, हवेच्या जाळीची पेटी. मग या प्रश्नांची उत्तरे द्या :

१. सेल्फ मंद फिरतो, हॉर्न बारीक वाजतो. दोष कुठे?
२. प्लग ओला आहे, वास येतो. आधी काय कराल?
३. रपट्याच्या पाण्यात गाडी बंद पडली. काय करायचे नाही?

जिला गाडी चालवता येत नाही, तिनेही हे शिकावे. रस्त्यात मागे बसलेली बाईच पहिली मदतनीस असते.