लेकराच्या ताटापुढं ‘काम नाही’ चालत नाही

तलवाड्याच्या आयांनो, बापांनो, आज जरा अवघड बोलायचं आहे.

पटेनासं होतं, बाई लेकरं घेऊन माहेरी येते, पोटगीचा अर्ज गेवराईच्या कोर्टात जातो. तिथं पुरुष म्हणतो, ‘साहेब, मला कामच नाही, देऊ कुठून?’ कुणी त्यासाठी हातचं काम सोडतो, कुणी जमीन भावाच्या नावावर करतो. राग बायकोवरचा असतो, उपाशी मात्र लेकरू राहतं.

दादांनो, कोर्ट नुसता रिकामा खिसा बघत नाही. तुमच्या अंगात कमावण्याची ताकद आहे का, ते बघतं. शिक्षण, हातातलं कसब, आधीची कमाई, सातबारा, राहणीमान या सगळ्याचा विचार होतो. कागद नसले तर मजुरीच्या दरावरून अंदाज बांधता येतो. धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून का होईना, बायको-लेकरांना पोसलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं आहे. त्याआधी ४ नोव्हेंबर २०२० रोजी, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानंच दोन गोष्टी ठरवून दिल्या. नवरा-बायको दोघांनीही कमाई, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगायचं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे तारखा लांबवून पैसे वाचत नाहीत, थकबाकी वाढते.

खरंच आजारपण असेल, अपंगत्व आलं असेल, तर लपवू नका. दवाखान्याचे कागद दाखवा. परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागता येते. पण ऐपत असून पैसे थकवले, तर वसुलीचं वॉरंट निघतं. थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही.

तायांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. पोटगीचं जुनं १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. नवरा कुठंही गेला असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. बाईला आणि लेकराला विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवरा ऊसतोडीला जात असेल तर मुकादम कोण, उचल किती, कारखाना कोणता, हे लिहून ठेवा. पैसे थकले तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. आणि स्वतःची कमाई लपवू नका. हिंदू दत्तक व पोषण कायद्यानं लेकराची जबाबदारी आई आणि बाप दोघांवरही टाकली आहे.

दादांनो, शेवटचं सांगते. पोटगी म्हणजे बायकोपुढं पत्करलेली हार नव्हे. ठरलेल्या तारखेला पैसे बँकेत भरा, लेकराच्या हाती निरोप धाडू नका. कोर्टानं किती आकडा लिहिला, हे त्याला कळत नाही. शाळा उघडली तेव्हा वह्या आल्या होत्या की नाही, हे मात्र ते मोठं झाल्यावरही विसरत नाही.